पुरासाठी घरगुती स्पिरिट जेल : करून ठेवावं का?

पंचगंगाकाठी

राम राम मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज धागा काढायचं धाडस करतोय.

मी कोल्हापूरचा, घर पूररेषेच्या अगदी काठावर. 2019 च्या ऑगस्टात पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि गॅसची गाडी यायची बंद झाली. वीज आधीच गेलेली, त्यामुळे इंडक्शन नुसतं शोभेला. वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे एक भरलेला सिलिंडर होता, त्यावर अख्ख्या इमारतीची खिचडी शिजली. 2021 च्या जुलैत पुन्हा तीच तऱ्हा. रॉकेल आता बघायलाही मिळत नाही. म्हणून आडवेळेला चहा, लेकराचं दूध, वाटीभर भात एवढं निभेल असं काहीतरी इंधन घरात असावं असं मनात आहे.

परवा एक व्हिडिओ पाहिला. अंड्याची टरफलं व्हिनेगरमध्ये विरघळवायची, ते पाणी स्पिरिटमध्ये ओतायचं, की बघता बघता जेल तयार. वाटी पालथी केली तरी सांडत नाही! हे खरंच जमतं का? त्यावर स्वयंपाक होतो का? आणि मे महिन्यात करून ठेवलं तर ऑगस्टपर्यंत टिकेल का? जाणकारांनी सांगावं.

शंकासुर

व्हिडिओत सगळंच जमतं. त्याच चॅनेलवर लिंबावर मोबाईल चार्ज करतात.

मळीवाला

जमतं हो, शंकासुरराव. शाळेतल्या रसायनाच्या पुढे त्यात काही नाही. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅबमध्ये नोकरी झाली, आता निवृत्त आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

टरफल म्हणजे जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगरातल्या ॲसेटिक आम्लाशी त्याची गाठ पडली की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाण्यात कॅल्शियम ॲसिटेट उरतं. या क्षाराची गंमत अशी की पाण्यात तो भरपूर विरघळतो, अल्कोहोलमध्ये जवळपास नाहीच. त्यामुळे त्याचं संपृक्त द्रावण स्पिरिटमध्ये ओतलं की क्षार एकदम बाहेर फेकला जातो. पण तो तळाशी बसत नाही, त्याच्या बारीक धाग्यांचं जाळं होतं आणि सगळं स्पिरिट त्या जाळ्यात अडकतं. काही सेकंदांत भांड्यात खरवसासारखं थरथरणारं काहीतरी दिसू लागतं. न्यूयॉर्कच्या स्टर्नाऊ कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डबाबंद ‘स्टर्नो’ विकायला काढलं, ते याच जातीचं घट्ट अल्कोहोल.

आता व्हिडिओत सांगत नाहीत ते. बाजारातलं व्हिनेगर साधारण 4 टक्क्यांचं. एक लिटर घेतलं तर त्यात आम्ल 40 ग्रॅम, ते 33 ग्रॅम टरफलं खातं आणि पन्नासेक ग्रॅम कॅल्शियम ॲसिटेट मिळतं. एवढा क्षार संपृक्त व्हायला पाणी फक्त दीडशे मिली हवं. म्हणजे उरलेलं साडेआठशे मिली पाणी आटवायचं! त्याला घरच्या शेगडीवर 70-75 ग्रॅम गॅस जातो, माझा हिशेब. पुरासाठी गॅस वाचवायला निघालो आणि सुरुवातच गॅस जाळून. उन्हात परातीत आटवलंत तर फुकट, पण मग धूळ पडते आणि घरभर आंबट वास सुटतो.

टरफलं उकळून आतला पापुद्रा काढायचा, वाळवून मिक्सरला बारीक करायची. फसफस पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे दिवस-दोन दिवस, ठेवायची. थोडी पूड तळाशी उरलीच पाहिजे, नाहीतर आम्ल शिल्लक राहतं. मग कापडातून गाळायचं. कोणी खडू वापरा म्हणेल तर वापरू नका. हल्ली शाळेतला खडू बहुतेक जिप्समचा असतो, त्यावर व्हिनेगर ढिम्म काही करत नाही. रांगोळीही बघून घ्या. थेंबभर लिंबू पिळून फसफसली तर चालेल, वाळूची असेल तर नाही.

प्रमाण ढोबळ : द्रावण एक भाग, स्पिरिट सहा ते सात भाग. स्पिरिट 90 टक्क्यांच्या वरचं हवं. 70 टक्क्यांवाल्यात नुसती पेज होते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि खरी मेख तिथेच आहे. हे जेल टिकत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत जाळं आकसतं आणि विरजलेल्या दह्याला पाणी सुटावं तसं स्पिरिट सुटून वर येतं. मेमध्ये केलेलं ऑगस्टात उघडाल तेव्हा तळाशी पांढरा गोळा आणि वर पातळ स्पिरिट. म्हणजे ज्यासाठी जेल केलं, ते न सांडण्याचं, तेच गेलं. बाजारातल्या डब्यांत म्हणूनच दुसरे घट्ट करणारे पदार्थ वापरतात.

वाटाड्या_ताम्हिणी

वाचनखूण साठवली आहे. मळीवाले काका, दंडवत.

ट्रेकचा अनुभव : आम्ही जेलचा डबा नेतो तो फक्त चहा आणि मॅगीसाठी. एक लिटर पाणी झाकण ठेवून उकळायला वीस-पंचवीस मिनिटं धरा, तेही वारा नसताना. सह्याद्रीत वारा नसतो असं कधी होतं का? तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा केला नाही तर डबा संपतो आणि पाणी कोमटच राहतं. हेक्झामाइनच्या गोळ्या (हेही घन इंधनच) हलक्या पडतात, पण त्यांचा वास डोळ्यात जातो आणि भांड्याच्या बुडाला चिकट काजळी धरते. घरात तर नकोच.

बुफेवाले_काका

आमचा धंदाच याचा. लग्नात चेफिंग डिशखाली जे पेटतं ते हेच. दोनशे ग्रॅमचा डबा दोन तास चालतो. पण लक्षात घ्या, त्याचं काम *गरम ठेवणं* आहे, शिजवणं नाही. पनीर आधीच उकळतं आलेलं असतं, खाली पाणी गरम घातलेलं असतं. एखादा नवीन पोरगा गार पाणी घालून डबा पेटवतो आणि पंगत बसली तरी भाजी गारच. मग आचारी आणि वाढप्यांची भांडणं ऐकावीत!

मळीवाला

काकांचा मुद्दा आकड्यांत मांडतो. दोनशे ग्रॅम दोन तासांत जळतं म्हणजे जेमतेम अर्धा किलोवॉट. घरच्या गॅसचा मोठा बर्नर दोन किलोवॉटच्या आसपास. त्यात जेलच्या उष्णतेपैकी भांड्याला निम्मीसुद्धा लागत नाही, उरलेली हवेत जाते.

आणि इंधनाचं म्हणाल तर शुद्ध इथेनॉलच्या, म्हणजे स्पिरिटमधल्या अल्कोहोलच्या, किलोत सुमारे 27 मेगाज्यूल उष्णता, गॅसच्या किलोत सुमारे 46. घरच्या 14.2 किलोच्या सिलिंडरची बरोबरी करायला इथेनॉल 30 लिटर लागेल. ते घट्ट करताना आपण पुन्हा पाणी घातलं, म्हणजे आणखी जास्त. घट्ट केल्याने उष्णता वाढत नाही, उलट घटतेच. मिळतं ते एवढंच की डबा लवंडला तर आग फरशीभर पळत नाही.

सिस्टर_अनामिका

शेवटच्या वाक्याबद्दल लिहायलाच हवं म्हणून लॉगिन केलं. भाजलेल्यांच्या वॉर्डात बरीच वर्षं आहे.

जेल पळत नाही हे खरं, पण ते *चिकटतं*. पातळ स्पिरिट हातावर पेटलं तर बहुतेक वेळा भर्रकन जळून जातं. जेल मात्र जिथे पडतं तिथेच जळत राहतं, आणि माणूस ते झटकायला जातो तेव्हा दुसऱ्या हाताला लागतं. कोविडच्या काळात सॅनिटायझर चोळून हात ओले असतानाच काडी ओढलेली माणसं आम्ही पाहिली. सॅनिटायझर म्हणजे तरी काय, घट्ट केलेलं अल्कोहोलच.

दुसरं, ही ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. विझलं समजून वरून भर घातली जाते आणि बाटलीच्या तोंडातून झोत येतो, तो समोर बसलेल्याच्या अंगावर. पेटवणारा वाचतो, समोरचा भाजतो. बरेचदा समोर मूल असतं.

न्यूजर्सीचा_नाना

सिस्टर, अगदी हेच इथे झालं होतं. अंगणात शोभेच्या कुंडीत जेल ओतून पेटवायची टूम निघाली होती. अर्धवट जळत्या कुंडीत बाटलीतून पुन्हा ओतताना स्फोट होऊन माणसं दगावली. 2011 च्या सप्टेंबरात नऊ कंपन्यांनी असं ओतायचं जेल बाजारातून परत घेतलं, जवळपास 20 लाख बाटल्या. डब्यातच घट्ट असलेलं आणि डब्यातच जळणारं मात्र आजही चालू आहे. फरक ओतण्याचा.

शंकासुर

ठीक, टिकत नाही, तापत नाही, चिकटतं. मग इतके उद्योग करण्यापेक्षा स्पिरिटच घरी का करू नये? ऊसपट्ट्यात राहतो, गूळ आहे, यीस्ट आहे. प्यायचं नाही म्हटल्यावर कोण विचारतो?

मळीवाला

पोलीस विचारतात. प्यायचं असो वा जाळायचं, परवान्याशिवाय दारू गाळणं म्हणजे हातभट्टीच. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949. स्पिरिट तर सोडाच, नुसत्या मळीच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवरही राज्य उत्पादन शुल्क विभागाची नजर असते. आमच्या टाकीच्या कुलपाची एक किल्ली त्यांच्या माणसाकडे असायची. डिनेचर्ड, म्हणजे पिता येऊ नये म्हणून भेसळ केलेलं, स्पिरिटही ठरावीक मर्यादेपुढे घरात ठेवायला परवाना लागतो. 2024 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने औद्योगिक अल्कोहोलवरही राज्याचाच अधिकार असल्याचा निकाल दिला, त्यामुळे ही नजर ढिली व्हायची नाही.

आणि कायद्यापेक्षा मोठी गोष्ट मिथेनॉल, इथेनॉलचा विषारी भाऊ. ‘स्पिरिट’ म्हणून सुट्या कॅनमध्ये जे मिळतं ते पुष्कळदा तेच असतं, कारण ते स्वस्त. जळतं छान, वास सौम्य, रंग पाण्यासारखा. दहा मिली पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, तीसेक मिलीत जीव. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनेच. त्वचेतून आणि श्वासातूनही ते अंगात जातं. पुराच्या रात्री अंधारात, पाण्याच्या बाटलीशेजारी, बिनलेबलाची बाटली... पुढचं लिहीत नाही.

फलटणची_चिमणी

शंकासुरांचा मुद्दा टिंगलीवारी नेऊ नका, त्यावर आमच्या फलटणला खरंखुरं काम झालंय. निंबकर कृषी संशोधन संस्था, 1968 पासूनची. तिथे डॉ. अनिल राजवंशी आणि मंडळींनी गोड ज्वारीच्या ताटांपासून इथेनॉल, आणि त्यावर चालणारे स्टोव्ह आणि कंदील असं सगळं करून पाहिलं. त्यातला मला आवडलेला भाग म्हणजे निम्मं पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारा स्टोव्ह. पाणी असल्यामुळे भडका उडायची भीती कमी, आणि गाळताना शुद्धतेमागे ऊर्जा घालवायची गरज नाही. म्हणजे घट्ट करण्याऐवजी पातळ करून सुरक्षित केलं!

कायद्याची अडचण मात्र तीच. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातलं इंधन स्वतः गाळावं याला परवानगी कुठे?

मळीवाला

चिमणीताई, उत्तम आठवण. अशीच आणखी दोन उदाहरणं आहेत. आसामात नामरूपला 2018 मध्ये आसाम पेट्रोकेमिकल्सने 500 घरांना मिथेनॉलवरच्या शेगड्या दिल्या. इथिओपियात सोमाली निर्वासितांच्या छावण्यांमध्ये प्रोजेक्ट गाया या संस्थेने इथेनॉलच्या शेगड्या चालवल्या. दोन्हींत जेल नाही. डब्यात तंतूंचा बोळा भरलेला असतो, तो इंधन शोषून धरतो. डबा उलटा केला तरी थेंब पडत नाही आणि इंधनात पाणी मिसळावं लागत नाही. आफ्रिकेत जेलही जागतिक बँकेच्या मदतीने खपवून पाहिलं, मालावी-झिंबाब्वेत वगैरे. बायकांची तक्रार एकच, शिजायला वेळ लागतो. आपल्याकडच्यांनी वेगळं काय म्हटलं असतं?

न सांडणं एवढंच हवं असेल तर जाळं रसायनाचं कशाला, तंतूंचं पुरे. जाड पत्र्याच्या छोट्या डब्यात ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, ठासून भरलं की झालं. हाताळताना हातमोजे आणि मास्क. कापूस चालणार नाही, तो शेवटी स्वतःच जळतो.

ओसाकातले_पोहे

अवांतर, पण जपानमध्ये हे रोजच्या जेवणात आहे. र्योकानमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक सराईत, उतरलं की प्रत्येकाच्या ताटाशेजारी तळहाताएवढी शेगडी असते, तिच्यात फॉइलच्या वाटीत निळसर वडी. वाढपी बाई येऊन पेटवते. वडी जळून संपते त्याच सुमाराला वरच्या भांड्यातलं मटण-भाज्या शिजतात, विझवायची भानगडच नाही. वडीच्या आकारावरच वेळ ठरलेला. ती बहुधा साबणासारख्या पदार्थाने घट्ट केलेली असते ना?

मळीवाला

बरोबर. स्टिअरिक ॲसिड, म्हणजे मेणबत्तीत घालतात ते, आणि कॉस्टिक सोडा. दोन्ही गरम अल्कोहोलमध्ये एकत्र आले की तिथल्या तिथे साबण होतो आणि गार झाल्यावर सगळं वडीसारखं घट्ट होतं. महिनोन्‌महिने टिकतं, स्पिरिट सुटत नाही. पण त्यासाठी स्पिरिट साठ अंशांपर्यंत तापवावं लागतं. इथेनॉलची वाफ 13 अंशांनाच ठिणगी पकडू शकते. म्हणजे कोल्हापुरात पौषातल्या पहाटेसुद्धा ते पेट घ्यायला तयारच असतं. ते साठ अंशांना, स्वयंपाकघरात, गॅसशेजारी? घरी करायचंच नाही. म्हणून कृती देत नाही, मागूही नका.

सॅनिटायझर घट्ट करणाऱ्या कार्बोमरचं कोणीतरी विचारेलच, तर तेही सांगतो. ट्रायइथेनॉलअमाइन हे साधं अमाइन (अल्कलीसारखा पदार्थ) घातलं की ते 60 टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलमध्ये नीट घट्ट होतं. त्यापुढे गाठी होतात, वेगळं अमाइन लागतं. आणि 60 टक्क्यांच्या जेलवर चहा करायचा म्हणजे त्यातलं पाणीही तापवत बसायचं.

वाटाड्या_ताम्हिणी

जाता जाता, लॉकडाऊननंतर उरलेल्या सॅनिटायझरवर आमच्यातल्या एकाने राजगडावर चहा केला होता. चहा झाला, पण भांड्याला सुगंधी वास. कोरफड-लिंबू फ्लेवर.

शंकासुर

तोही विकत मिळतो हल्ली, ग्रीन टी म्हणून.

सिस्टर_अनामिका

हसू आलं, पण सॅनिटायझर जाळू नका हो. 2020 मध्ये मिथेनॉल घातलेले सॅनिटायझरही बाजारात सापडले होते. आणि घरात काहीही जाळायचं तर खिडकी उघडी. पुरात माणसं पावसामुळे दारं-खिडक्या लावून बसतात, त्या कोंडलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड कधी साठला कळत नाही. नुसती डोकेदुखी वाटते आणि झोप येते.

विझवायला फुंकर मारू नका, झाकण सरकवा. शेजारी ओलं गोणपाट आणि वाळूची बादली. अंगावर पडलं तर आधी गोणपाटाने दाबून विझवायचं, मग वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावायचं नाही.

पंचगंगाकाठी

बाप रे, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. सगळ्यांचे आभार.

घरात चर्चा झाली. पुरासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि त्यावर बसणारा बर्नर घ्यायचं ठरलंय, तो पोटमाळ्यावर न ठेवता वरच्या मजल्याच्या गॅलरीत. त्याच्या जोडीला तयार जेलचे थोडे डबे, केवळ दूध-पाणी गरम करण्यापुरते. घरगुती जेल साठवायचा विचार सोडला. भाच्याला मात्र विज्ञान प्रदर्शनासाठी टरफलांचा प्रयोग फार आवडलाय. तो शाळेत, बाईंसमोर, चहाच्या कपाएवढा करू दे असं ठरलं. मळीवाले काका, ज्योत दिसावी म्हणून मीठ घालतात असं वाचलं, ते बरोबर का?

आणि बुफेवाले काका, डब्यावर भांडं ठेवायला तिवई किती उंच हवी? आमच्याकडे जुन्या प्रायमसची जाळी आहे.

मळीवाला

चिमूटभर मिठाने ज्योत पिवळी होते, बरोबर. पण टरफलांच्या जेलला ती गरज कमी, कॅल्शियममुळे ज्योतीला मुळातच नारिंगी झाक असते. भाच्याला सांगा, परीक्षक हमखास विचारतील की जळून झाल्यावर वाटीत पांढरं काय उरतं. कॅल्शियम ॲसिटेट फार तापलं की त्याचं पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं. म्हणजे टरफलात होतं तेच.

बुफेवाले_काका

डब्याच्या तोंडापासून भांड्याचं बूड चार बोटं वर. त्याहून खाली आणलंत तर ज्योत गुदमरते आणि काजळी धरते, वर नेलंत तर नुसता हात शेकायला उपयोग. प्रायमसची जाळी चालेल, पण तिचे पाय फाकलेले असतात, डबा मधोमध बसतो का ते आधी न पेटवता बघा. भांडं रुंद बुडाचं घ्या, अल्युमिनियमचं पातेलं सगळ्यात बरं. झाकण हवंच.

डबे घेताना हलवून बघा. आत काही डुचमळलं तर घेऊ नका, जुना माल आहे. लेबलावर इथेनॉल लिहिलेलं बघा, नुसतं ‘फ्युएल’ असेल तर परत ठेवा. एकदा उघडलेला डबा झाकण लावून महिनाभर ठेवला तरी उडून निम्मा होतो, म्हणून लहान डबे जास्त घ्या, मोठा एक नको. नरसोबाच्या वाडीला आमचं एक काम आहे, गाडी कोल्हापुरावरूनच येईल. अर्धा खोका हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.